आवाज चौदावर

"त्या सीटवर नको बसूस. मागं बस," नेमगोंडाकाका म्हणाले.

मी पुढचं डावं दार उघडून एक पाय आत टाकलाही होता. हातात टेस्टर, खिशात पेचकस, आणि गिऱ्हाईक मला मागं बसायला सांगतंय. मला चीड आली. स्टिअरिंगचा बिघाड बघायचा तर शेजारी बसायला नको? मागं बसून काय यांच्या टकलाचा फोटो काढू?

तसं तोंडावर आलं होतं, पण बोललो नाही. कारण त्या सीटकडं माझं लक्ष गेलं. सीट रिकामी होती आणि तिचा बेल्ट लावलेला होता. रिकाम्या सीटवरून आडवा, नीट ताणून.

"हा बेल्ट कशाला लावलाय काका?"

"न्हाई लावला तर गाडी ओरडती."

"सीटवर माणूस बसलाय का ते ओळखणारा सेन्सर गेला असणार. त्याचंही बघून टाकतो."

"ते राहू दे. तू फक्त स्टिअरिंगचं बघ."

मी मुकाट्यानं मागं बसलो आणि पुढच्या दोन सीटांच्या मधून डोकं घातलं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. मी दस्तगीर मुल्लाणी, इचलकरंजीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. माझं तोंड फटकळ आहे, त्यामुळं निम्मी गिऱ्हाइकं टिकत नाहीत, पण जी टिकतात ती मरेपर्यंत टिकतात. गाडीतला बिघाड म्हणजे एक तर वायर कुठंतरी तुटलेली असते, नाहीतर कुठंतरी पाणी शिरलेलं असतं. तिसरं कारण जगात नाही, असं मी तेव्हा छाती ठोकून सांगायचो. हल्ली सांगत नाही.

नेमगोंडाकाका हुपरीचे, चांदीकामवाले. पन्नास वर्षं त्यांनी पैंजणाच्या कड्या जोडल्या. चिमट्यात कडी, दुसऱ्या हातात जाळाची नळी, आणि बोटं कायम त्या जाळाशी. त्यांच्या बोटांची टोकं घट्ट आणि गुळगुळीत झाली होती, वर एक रेघ नाही. आधार कार्डाच्या मशिनवर दहातलं एकही बोट उमटलं नव्हतं, तेव्हा ते अख्ख्या गावाला हसून सांगत होते. पुढं पोरीनं, त्रिशलानं, ही गाडी घेऊन दिली. एकदम भारी मॉडेल. स्टिअरिंगवर बटणच नाही, दोन्ही बाजूंना नुसती काळी गुळगुळीत पट्टी. नुसतं बोट टेकवायचं की आवाज कमी-जास्त होतो, फोन उचलला जातो. मधला पडदाही तसलाच. आणि काकांच्या बोटाला ती गाडी ओळखच देईना. त्यांनी बोट घासलं, थुंकी लावली, शिव्याही घातल्या. काही उपयोग नाही.

मग त्यांच्या डाव्या हाताला सुमतीकाकू बसू लागल्या. त्या उजवा हात लांबवून पट्टीवर बोट टेकवायच्या आणि गाडी लगेच ऐकायची. काकांना ढोलकीची गाणी लागत, आवाज अठरावर. काकू तो चौदावर आणायच्या. एक, दोन, तीन, चार, असं मोजून. पुन्हा वाढवायचा म्हटलं तर काकांच्या बोटाला गाडी ऐकत नाही, म्हणजे काकूंनाच विनवायचं. दोन वर्षं नवराबायकोचं हे भांडण त्या गाडीत चाललं होतं आणि दर वेळी काकूच जिंकायच्या.

ऐन थंडीत काकू गेल्या. सकाळी छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

"आणि बिघाड काय आहे?" मी मागून विचारलं.

"बिघाड कुठला रे," काका म्हणाले. "आवाज अजून चौदावरच येतोय."

मी हसलो. मागून हात लांबवून पडद्यावर आवाज अठरा केला आणि म्हणालो, चला, दाखवा. भर दुपारची वेळ, हुपरीच्या रस्त्याला ऊन रणरणत होतं. रेंदाळ मागं पडलं. काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला होते, मी नीट बघत होतो. ढोलकी जोरात चालली होती. पडद्यावर अठराचे सतरा झाले. मग सोळा. पंधरा. चौदा. तिथं थांबलं.

"झालं समाधान?" काका डावीकडं बघून म्हणाले.

मला नव्हते विचारत. त्या सीटला विचारत होते, आणि एवढं सहज की जणू रोजचंच आहे. मला ते बघवलं नाही. मी मोठ्यांदा म्हणालो, "पाणी शिरलंय काका पट्टीत. दुसरं काय नाही."

संध्याकाळी पुण्याहून त्रिशलाचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"दस्तगीरभाई, मी बाबांना फोन लावते तेव्हा ते गाडीत असले तर फोन उचलला जातो. त्यांच्या बोटाला तर ते लागतच नाही. मग उचलतं कोण? आणि उचलल्यावर ऐकते तर बाबा आईशी बोलत असतात. वाटाण्याची उसळ बिघडली, शेजारच्यांकडं बारसं आहे, असलं काहीबाही. रोज दुपारी दोन-दोन तास नुसते फिरतात. गाडी चालवताना लक्ष कुठं असेल त्यांचं? कुठंतरी धडकले तर?"

"पट्टी खराब झालीय ताई. एवढं मनावर घेऊ नका."

"मग ती पट्टी काढून टाका. साधी बटणं बसवा. त्यानंतर बाबांनी आईचं नाव काढलं नाही तर ठीक. काढलं तर गाडी विकते आणि त्यांना इकडं घेऊन येते. मला बाप हवाय हो, भाई. आई तर गेलीच."

तिचंही खोटं नव्हतं. पण काकांना पुण्यात अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवायचं म्हणजे त्यांना मारायचंच की. हुपरीत त्यांच्या दारावरून जाणारा प्रत्येक माणूस दोन मिनिटं टेकल्याशिवाय पुढं जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी काकांना सांगितलं, याच गाडीच्या स्वस्त मॉडेलला साधी बटणं येतात, तोच भाग मागवतो, तंतोतंत बसेल. ते गॅरेजच्या बाकड्यावर बसले होते. बराच वेळ स्वतःच्या बोटांकडं बघत राहिले.

"बसीव. पण मला एक सांग, बटण आपोआप दाबलं जातं का?"

"छे! टच फसतं काका. पाण्याचा थेंब पडला तरी त्याला बोट वाटतं. बटणाला जोर द्यावा लागतो. बटण दाबायला माणूस लागतो."

"नक्की?"

"तीस वर्षं हेच करतोय."

"मग बसीवच," काका म्हणाले. "ती हाय का न्हाई ते मलाबी एकदा कळू दे."

ते असं बोलले आणि मला कळलं की म्हाताऱ्यानं सगळं या चार बटणांवर लावलंय. पोरीला वाटत होतं बाप भ्रमात आहे. बाप भ्रमात नव्हताच. त्याला शंका होती आणि ती त्याला आतून खात होती.

आठवड्यानं भाग आला. काका सकाळीच हजर. स्टिअरिंग उघडायचं म्हणजे आत एअरबॅग असते, म्हणून आधी बॅटरी सोडवून पंधरा मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्यात मी फडकं घेऊन स्टिअरिंग पुसायला लागलो. मधल्या झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावर बारीक बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेनं.

"ते घासू नकोस," काका म्हणाले. "तिच्या बांगड्यांचं हाय."

पट्टी काढली आणि बाकड्यावर नेऊन उघडली. पाणी सोडा, आत ओलसरपणासुद्धा नव्हता. गंज नाही, धूळ नाही, वायरचा टाका एकही सुटलेला नाही. कंपनीतून आली तशी. मी ती उलटीपालटी करून बघितली, भिंगाखाली धरली, करंट देऊन तासभर समोर ठेवली. माझं बोट टेकवलं की काम करायची. नाही टेकवलं की गप्प. तिच्यात काही म्हणजे काही बिघाड नव्हता.

त्रिशलाचा फोन आला. "भाई, सापडलं काही?"

"पाणीच होतं ताई," मी म्हणालो. "वाटीभर निघालं."

का म्हणालो असं? एक तर तिला बरं वाटावं म्हणून. आणि दुसरं, खरं सांगायचं तर, मला दुसरं काही म्हणायचं धैर्य नव्हतं. मी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर टाकली आणि बटणं बसवली.

त्रिशलाला म्हणालो, साडेबाराला बाबांना फोन लावा, आम्ही गाडीतच असू. मी मागं बसलो. डावी सीट रिकामी, बेल्ट लावलेला. काका सावकाश चालवत होते. साडेबाराला फोन वाजला.

"उचलू नकोस हं तू," काका मला म्हणाले.

दोन्ही हात स्टिअरिंगच्या वर, बोटं ताणलेली. फोन वाजत होता. काकांची नजर रस्त्यावर होती पण कान त्या बटणाकडं होते, हे मला मागूनही कळत होतं. पाचव्यांदा वाजला. सहाव्यांदा. ते हळूच म्हणाले, "उचल की गं." सातव्यांदा वाजला. मग बंद झाला.

काकांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होतं. मान खाली घातली.

"पाणीच हुतं म्हणायचं," ते म्हणाले. "तीन महिनं मी पाण्याशी बोलत हुतो."

आणि रडले. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन रडला. मी तेव्हा खरं तर खूश व्हायला हवं होतं, माझंच म्हणणं खरं ठरलं होतं. पण मला वाटलं, दस्तगीर, तू आज या माणसाची बायको दुसऱ्यांदा मारलीस. खोटं कशाला बोलू, असंच वाटलं.

फोन पुन्हा वाजायला लागला.

"काका, दाबा की," मी म्हणालो. "हे तुमच्या बोटाला ऐकणार. हिरव्या खुणेचं. दाबा."

त्यांनी डोळे पुसले, ते घट्ट गुळगुळीत बोट उचललं आणि दाबलं. टक्. स्पष्ट, सुपारी फोडल्यासारखा आवाज.

"बाबा?" त्रिशला म्हणाली.

"मी उचलला गं," काका म्हणाले. "माझ्या बोटानं उचलला."

पोरगी तिकडं रडत हसत होती. भाई, तुमचे उपकार आहेत, म्हणाली. बाबा, आता रोज मला फोन करायचा, म्हणाली. काकांनी हूं हूं केलं आणि लाल खुणेचं बटणही स्वतःच दाबलं. टक्.

मग गाणी सुरू झाली. आवाज चौदावर होता. काका त्या आकड्याकडं बघत राहिले. मग त्यांनी अधिकचं बटण दाबलं. टक्, टक्, टक्, टक्. अठरा. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः आवाज वाढवला होता. ढोलकी अशी घुमली की काचा थरथरल्या.

"घे!" ते डाव्या सीटकडं बघून म्हणाले. डोळ्यांत पाणी तसंच होतं. "आता कमी करून दाखव बघू."

असं म्हणून त्यांनी गाडी रस्त्यावर घेतली. मी पुढं वाकून बसलो होतो. ते दृश्य मला आजही जसंच्या तसं दिसतं. काकांचा डावा हात वर, उजवा हात वर. खाली डाव्या बाजूची चार बटणं, मीच बसवलेली, नवी कोरी, त्यांच्यावर ऊन पडलेलं. कमीचं बटण आत गेलं.

टक्.

ते नुसतं वाजलं नाही. आत गेलं, एक क्षण तसंच दाबलेलं राहिलं आणि बाहेर आलं. मग पुन्हा आत गेलं. टक्. सावकाश, मोजून. टक्. आणि त्या टक् बरोबर काहीतरी झाकणाच्या कोपऱ्याला बारीक किणकिणत घासलं. टक्.

चौदा.

गाडीत ऊन होतं, समोरून ऊस भरलेली ट्रॉली येत होती, ढोलकी वाजत होती, आणि मी त्या बटणाकडं बघत होतो.

काकांनी गाडी थांबवली नाही. त्यांनी आरशात माझ्याकडं बघितलं.

"ऐकलंस?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"दस्तगीर, ऐकलंस न्हवं?"

"काय काका?"

"मी कुणाला सांगत न्हाई. त्रिशलाला तर न्हाईच न्हाई. फक्त मला सांग. मला एकट्यालाच ऐकू येतंय का तुलाबी आलं, एवढंच सांग."

किती सोपं होतं. हो म्हणायचं, एक अक्षर. त्या माणसाला एक साक्षीदार हवा होता. पोरगी नाही, डॉक्टर नाही, दुसरं काहीच नको. आणि मी, तोंडाचा फटकळ, अख्ख्या इचलकरंजीला तोंडावर खरं सांगणारा, भ्यालो. हो म्हटलं असतं तर उद्यापासून कुठल्या तोंडानं गिऱ्हाइकाला वायर आणि पाणी सांगणार होतो? आणि रात्री झोपणार कसा होतो?

"नाही काका," मी म्हणालो. "मला काही ऐकू आलं नाही."

"आवाज चौदावर हाय की रे."

"तुमचाच हात लागला असेल."

काकांनी वर धरलेल्या आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. मग आरशात पुन्हा माझ्याकडं. रागानं नाही. उलट मीच लहान पोर असल्यासारखं, सांभाळून घेतल्यासारखं बघितलं.

"बरं," म्हणाले.

पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. पोरीजवळ काकूंचं नाव काढलं नाही. त्रिशला निश्चिंत झाली, गाडी विकायची गोष्ट मागं पडली. पण दोन-तीन महिन्यांतून एकदा ते गॅरेजला यायचे. कधी बल्ब बदलायला, कधी बॅटरी बघायला, असलंच काहीतरी निमित्त. बाकड्यावर बसायचे, बिनकांद्याचा चिवडा आणलेला असायचा तो माझ्यापुढं सरकवायचे, आणि गप्प राहायचे. मला कळायचं ते कशासाठी बसलेत. दर वेळी ठरवायचो, आज सांगू. दर वेळी म्हणायचो, काका, बल्ब चांगला आहे, उगाच आलात. ते "बरं" म्हणून उठायचे.

असं पाच वर्षं चाललं. पाच वर्षांत मला एक अक्षर बोलता आलं नाही.

ते झोपेतच गेले. दहा-बारा दिवसांनी त्रिशलानं मला हुपरीला बोलावून घेतलं. गाडी दारात उभी होती. तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली.

"बाबा म्हणायचे, गाडीचं काय करायचं ते दस्तगीरला विचार, त्याला सगळं ठाऊक आहे." ती माझ्याकडं बघत राहिली. "काय ठाऊक आहे हो भाई तुम्हाला?"

"वायरिंग," मी म्हणालो.

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्याच दिवशी, आरशात, त्यांना कळलं होतं की मी ऐकलंय. पाच वर्षं ते मी काय ऐकलं हे विचारायला येत नव्हते. मी कधी बोलतो याची वाट बघायला येत होते.

सकाळचे अकरा वाजले असतील. मी गाडीत बसलो. डाव्या सीटचा बेल्ट कुणीतरी काढलेला होता. किल्ली फिरवली तशी गाडी ओरडायला लागली. मी वाकून रिकाम्या सीटचा बेल्ट लावला. ओरडणं थांबलं. गाणी आपोआप सुरू झाली, ढोलकीच, आवाज चौदावर.

रेंदाळ मागं पडलं. मी दोन्ही हात स्टिअरिंगच्या वर धरले होते, काका धरायचे तसे. माझ्या डाव्या हाताखाली अधिकचं बटण आत गेलं.

टक्, टक्, टक्, टक्. घाईघाईनं, हावऱ्यासारखं. अठरा. काचा थरथरल्या.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कोपऱ्यावर ते बारीक किणकिणणं आलं आणि कमीचं बटण आत गेलं. टक्. सावकाश. टक्. मोजून. टक्. टक्.

चौदा.

"ऐकलं काका," मी म्हणालो. "ऐकलं. त्या दिवशीही ऐकलं होतं."

मी गाडी तशीच हळूहळू इचलकरंजीपर्यंत आणली, आणि आवाजाला हात लावला नाही.